पलीकडचं चिनोरली

चिनोरली, उझबेकिस्तान
१६ जानेवारी २००३

हुरिनिसा आपांना मुअत्तरचा सलाम.

आपा, पूल गेला. तुमच्या काठावरूनही दिसलंच असेल, पण लिहून काढल्याशिवाय मला ते खरं वाटायचं नाही, म्हणून लिहिते. परवा सकाळी बालवाडीत मुलांची लापशी ढवळत होते. आमची आया धापा टाकत आली आणि म्हणाली, नदीवर क्रेन आलीय. हातातला डाव तसाच घेऊन मी धावले. तोवर मधल्या फळ्या निघाल्या होत्या. दोन्ही काठांवर माणसं उभी होती. एरवी आपल्या चिनोरलीत टोमॅटोच्या भावावरून अख्खा बाजार डोक्यावर घेतात. परवा नुसता साखळ्यांचा आवाज येत होता. मग उरलेल्या टोकांना तारा बांधल्या आणि भोंग्यावरून सांगितलं की यापुढे इथून जाणं-येणं बंद. वरच्या चौकीवरून जायचं, तेही लग्न किंवा मयत असेल तर, आणि टपालानं आलेली तार दाखवून.

घरी आले आणि गार पडलेल्या चहासमोर बसून राहिले. झुम्रादला मटणाचे सोम्से पाठवले की तुमच्या दारात पोचेपर्यंत ते इतके गरम असायचे, की जीभ भाजली म्हणून ती माझ्यावर रागवायची. तिचं लग्न झालं तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, मुलगी परदेशात दिलीस. मी हसले होते. पूल ओलांडून तिसरी गल्ली, हा कसला परदेश? आता कळतंय.

म्हणून सरळच बोलते. तुमच्या जाहिदला, झुम्रादला आणि आपल्या नातीला, सायोराला, इकडे पाठवून द्या. कायमचं. रागावू नका, पण तुमच्या किर्गिझस्तानात आहे काय? वीज गेली की मेणबत्ती शोधायला दुसरी मेणबत्ती लागते. कोळसा फुंकून फुंकून माझ्या पोरीचे डोळे कायम लाल. इकडे खटका फिरवला की गॅस, रस्ते आरशासारखे, पेन्शन वेळेवर, रात्री बाई एकटी चालत आली तरी कोणी वाकड्या नजरेनं बघत नाही. यांनी त्यांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात शब्द टाकला आहे. फिटरची एक जागा निघते आहे, जाहिदला मिळेल.

तुम्हीही या. तुमच्यासाठी अंगणाकडची खोली सारवून घेते.

नानवाल्या बाईकडे दोन्हीकडचे कागद आहेत. तिच्या टोपलीत नानांखाली हे पत्र ठेवते आहे. उत्तर तिच्याकडेच द्या.

तुमची विहीण
मुअत्तर

*

चिनोरली, किर्गिझस्तान
२ फेब्रुवारी २००३

मुअत्तरखान, सलाम.

पत्राला नानाचा इतका वास होता की मी ते खायचीच बाकी होते. पूल गेला त्या दिवशी माझं दुकान उघडं होतं. गिऱ्हाईक कापड मोजून घेत होतं, ते तसंच टाकून पळालं, कारण त्याची बायको तुमच्या काठावर दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. ती अजून तिकडेच आहे, बहिणीकडे. तो रोज संध्याकाळी काठावर येतो आणि पोरं काय जेवली ते तिला ओरडून सांगतो. मी पन्नाशी ओलांडली, सोव्हिएत गेलं तेव्हाही इतकी दचकले नव्हते.

आता तुमच्या आमंत्रणाचं. खोली सारवलीत, आभार. पण मुअत्तरखान, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं करू नका. तुमच्याकडे गॅस आहे हे मान्य. त्या गॅसवर चार सोम्से तळून रस्त्यावर विकायचे म्हटले तर किती जणांना विचारावं लागतं? मी नवरा गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात दुकान टाकलं. कोणाला विचारलं नाही. माझ्या मालकीची जमीन आहे, लहान का होईना, त्यात मी कांदा लावते नाही तर तो न लावता बसते. आमच्या चौकात उभं राहून कोणीही मंत्र्याला शिव्या घालतं आणि मग घरी जाऊन जेवतं. तुमच्याकडे चहाखान्यात लोक हवामानावर बोलताना सुद्धा आजूबाजूला बघतात. आणि शरद आला की सरकारी हुकमानं मास्तर, नर्स, बालवाडीच्या स्वयंपाकिणी, सगळे कापसात वाकलेले. गेल्या वर्षी तुमची कंबर धरली होती तेव्हा मलम माझ्या काठावरून आलं होतं, आठवा.

रस्त्यांचं म्हणाल, तर आमचे खड्डे मोठे आहेत. पण ते आम्हाला तोंडपाठ आहेत.

झुम्राद मजेत. सायोरा आता कवितेसारखं काहीतरी म्हणते, कोणाला कळत नाही. झुम्राद स्वतः लिहिणार होती, पण तंदुरात नान लावताना हात भाजला. काळजीचं नाही. जाहिद कामानिमित्त बाहेर असतो, धंदा वाढलाय.

हुरिनिसा

*

चिनोरली, उझबेकिस्तान
५ मार्च २००३

हुरिनिसा आपा,

हात भाजल्याला महिना झाला. माझ्या आजवरच्या भाजण्यात इतकं लांबलेलं भाजणं मी पाहिलेलं नाही. उजवा भाजला असेल तर डाव्यानं दोन वेड्यावाकड्या ओळी लिहू दे. तेवढ्यावर मी थंड होईन.

इकडे काय चाललंय ते ऐका. लोकांनी एका पॉपलरपासून दुसऱ्या पॉपलरपर्यंत दोर बांधला आहे आणि ट्रकच्या ट्यूबवर बसून जातात. मेंढ्या, पिठाची पोती, टीव्ही सुद्धा. मागच्या आठवड्यात दोर निसटला आणि आमच्या मोहल्ल्यातला एक चांगला धडधाकट माणूस वाहून गेला. तो खाली वाळूत सापडला, तेव्हा त्याच्या खिशात बायकोनं मागवलेली औषधं होती. मयतीला त्याचा सख्खा भाऊ तुमच्या काठावर उभा राहिला आणि तिथूनच दुआ केली. तार वेळेवर पोचली नाही. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आपा.

म्हणून सांगते, माझ्या मुलीला तिकडे ठेवायचं मला आता धाडस नाही. तुम्ही कापसाचं, शिव्यांचं काय ते लिहिलंत. मला मंत्र्यांना शिव्या द्यायच्या नाहीत. मला माझी मुलगी दिसायला हवी. कंबर वाकवून मिळणारी शांतता मला चालते.

नवरोजला, वसंताच्या सणाला, दोन्ही काठांवर लोक जमणार आहेत. तुम्ही झुम्रादला आणि सायोराला घेऊन जुन्या पुलाच्या टोकाशी या. तिला लग्नातला लाल रेशमी आत्लास घालायला सांगा, म्हणजे गर्दीत मला लगेच ओळखता येईल. मी हिरवा रुमाल बांधते.

मुअत्तर

*

चिनोरली, किर्गिझस्तान
१२ मार्च २००३

मुअत्तरखान,

आणते. पण तिचा घसा बसलाय, ओरडून बोलणार नाही. तसंही वसंतात नदीचा आवाज फार असतो.

हुरिनिसा

*

चिनोरली, उझबेकिस्तान
२२ मार्च २००३

हुरिनिसा,

आपा म्हणत नाही. आज माझ्या हातून ते लिहिलं जात नाही.

काल मी उजाडल्यापासून काठावर होते. आमच्या बाजूला सुमलकाची, गव्हाच्या खिरीची, कढई चढली होती, बायका गात होत्या. तुमच्या बाजूलाही धूर दिसत होता. मग तुम्ही आलात. शेजारी लाल आत्लासातली माझी झुम्राद, डोक्यावर पांढरी ओढणी, कडेवर सायोरा. मी इतकी रडले की बाजूच्या बायका रडायला लागल्या. मी हात हलवला, तिनं हलवला. मी म्हटलं, बारीक झालीस. ती काही बोलली नाही. घसा बसलाय, मी मनाशी म्हटलं.

पण सायोरा. ती तुमच्याकडे झेपावत होती, हुरिनिसा. त्या बाईच्या छातीवर दोन्ही हात टेकून तिला ढकलत होती आणि तुमच्याकडे वळत होती. तीन वर्षांचं लेकरू गर्दीत घाबरलं की आईच्या मानेत तोंड खुपसतं. ते आईला ढकलत नाही. मी ते बघत राहिले. तेवढ्यात वारा आला, ओढणी सरकली, आणि मला ती हनुवटी दिसली. ती तुमची भाची शाहिस्ता होती.

माझ्या मुलीचे कपडे दुसरीला घालून तुम्ही मला दाखवलेत. सणाच्या दिवशी. मी त्या शाहिस्ताला हात हलवून हलवून माझा खांदा दुखवून घेतला.

शेजारणींना म्हटलं, बरी दिसते झुम्राद. घरी आल्यावर यांनाही तेच सांगितलं, कारण त्यांचं हृदय कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी रात्रभर छताकडे बघत होते.

एकच विचारते. माझी मुलगी जिवंत आहे का?

मुअत्तर

*

चिनोरली, किर्गिझस्तान
२६ मार्च २००३

मुअत्तरखान,

जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते म्हणजे पुढचं तुम्हाला वाचता येईल. झुम्राद जिवंत आहे, धडधाकट आहे, राजधानीत बिश्केकला एका शिवणकारखान्यात काम करते. सायोरा माझ्याजवळ आहे.

बाकीचं असं. जाहिद गेल्या उन्हाळ्यात रशियात गेला, ओम्स्कला, बांधकामावर. धंदा वगैरे काही नाही, ते तुम्हाला पूल होता तेव्हापासून आम्ही बनवून सांगत आलो. नोव्हेंबरात टपाल कचेरीतून निरोप आला, फोन आहे. झुम्राद आणि मी दोघी गेलो. तिला वाटलं, थंडीचे बूट पाठवले असतील ते सांगायला केला असेल. ती कानाला लावून उभी राहिली आणि हळूहळू पांढरी पडली. माझ्या मुलानं तिथून तीनदा तलाक म्हटलं. टेलिफोनवर. त्यानं तिकडे दुसरी केली आहे. मी दहा वर्षं त्याच्यासाठी कापड मोजलं, आणि त्यानं हे मोजून तीनदा म्हटलं. पुढचं मी लिहीत नाही.

झुम्रादनं मला शपथ घातली, आईला सांगायचं नाही. बाबांचं हृदय, असं ती म्हणाली. मी म्हटलं, थोडं थांबू, सांगायची वेळ बघू. मग पूल गेला. जानेवारीच्या शेवटी ती पोरीला माझ्या मांडीवर ठेवून बिश्केकला गेली. इथे बसून लोकांची तोंडं किती दिवस बघायची?

शाहिस्ताला मी उभी केली. तुम्ही काठावर झुम्राद न दिसल्यावर ओरडला असता, आणि अख्ख्या दोन देशांनी ऐकलं असतं. मला दुसरं काही सुचलं नाही. ते वाईट झालं. तुमच्या जागी मी असते तर मीही मला आपा म्हटलं नसतं.

आणि एक. तुमच्या घरात तिच्यासाठी काय शिजतंय ते माझ्या कानावर आलं आहे. त्यावर मी बोलणार नाही, तुम्ही आईबाप आहात. पण तिला तिकडे पाठवा असं मला पुन्हा लिहू नका.

हुरिनिसा

*

चिनोरली, उझबेकिस्तान
९ एप्रिल २००३

तुमचं पत्र मी बालवाडीच्या कोठीत पिठाच्या पोत्यावर बसून वाचलं. आया हाक मारत आली तेव्हा ते झग्यात लपवलं.

टेलिफोनवर. काझी नाही, मुल्ला नाही, एक साक्षीदार समोर नाही. माझी मुलगी टपाल कचेरीच्या रांगेत उभी असताना. आणि तुम्ही मला हाताच्या भाजण्याच्या गोष्टी सांगत बसलात. मोकळ्या देशाच्या बढाया मारत होतात ना, घ्या मोकळीक. तुमचं पोरगं किती मोकळं झालं बघा.

आमच्या घरात काय शिजतंय? हे काय लिहिलंत? आमच्या घरात सध्या रेशीमकिडे आहेत, दोन्ही खोल्या भरून. दिवसातून पाच वेळा तुतीच्या फांद्या कापून त्यांच्यापुढे टाकायच्या आणि ते कराकरा खातात तो आवाज ऐकायचा, एवढंच आमच्या घरात चाललंय. आडून बोलू नका.

मी चौकीवर गेले होते. गणवेशातला मुलगा सभ्य होता. म्हणाला, आजी, तार आहे का? मी म्हटलं, माझ्या मुलीला नवऱ्यानं टाकलंय. तो म्हणाला, त्याची तार चालत नाही, मयत किंवा लग्नच लागतं.

मी तिला घेऊन येणार आहे. तिला आणि सायोराला. कसं ते तुम्हाला सांगत नाही.

मुअत्तर

*

चिनोरली, किर्गिझस्तान
१८ मे २००३

झुम्रादच्या बाबांना,

मी अंदिजानला नाही. माझे दात ठीक आहेत. पत्र कुठून आलंय ते वर पाहिलंच असेल. बसून वाचा, गोळी जिभेखाली ठेवा आणि मग वाचा.

तुमच्यापासून लपवलं ते आधी सांगते. झुम्रादला जाहिदनं नोव्हेंबरात सोडलं, टेलिफोनवर. तो रशियात आहे, दुसरी बायको केली आहे. मला नवरोजनंतर कळलं. तुमच्या छातीच्या भीतीनं मी गप्प राहिले. गेल्या आठवड्यात नानवाली म्हणाली की झुम्राद बिश्केकहून परत आलीय. किडे कोश विणायला बसले होते, आता चार दिवस त्यांना कोणी लागत नाही, म्हणून मी दाताचं निमित्त केलं आणि निघाले.

ट्यूबवरून आले. होय, मीच. पाणी डोंगरातल्या बर्फाचं, चहासारखं तपकिरी आणि फुगलेलं. दोर धरणारा म्हणाला, मावशी, खाली बघू नका, समोर बघा. मी समोर बघितलं आणि एक बूट गेला. त्या काठावर असताना आयुष्यात मी लाल दिवा असताना रस्ता ओलांडलेला नाही. चिखलातून वर चढले तेव्हा माझे दात वाजत होते आणि मला एवढंच कळत होतं की हे मी केलं.

हुरिनिसाच्या दारावर मी मुठीनं मारलं. काय काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. तिनं दार उघडलं, माझ्या एका पायाकडे बघितलं, आत गेली आणि स्वतःचा कोरडा झगा आणि लोकरीचे मोजे घेऊन आली. मी ते घातले. पाठ केलेलं सगळं विसरले.

ओसरीवर शिवणयंत्रं होती. आपली झुम्राद उभी राहून कापड कापत होती, मोठी कात्री घेऊन, आणि गल्लीतल्या बायका यंत्रांवर बसल्या होत्या. तिनं मला पाहिलं. कात्री खाली ठेवली. आम्ही किती वेळ एकमेकींना धरून होतो मला सांगता येत नाही. सायोरा मला ओळखेना, मग नाकावरच्या तिळाला हात लावून हसली.

मी म्हटलं, "चल घरी. आत्ता, माझ्याबरोबर."

ती म्हणाली, "कुठल्या घरी, आई? मर्गिलानच्या?"

मला काही कळेना. मी म्हटलं, मर्गिलानला आपलं कोण आहे? मग ती हुरिनिसाकडे वळून म्हणाली, "हिला माहीत नाही. आपण उगाच समजत होतो, आईला यातलं काहीच ठाऊक नाही."

मग हुरिनिसानं सांगितलं. फेब्रुवारीत आपल्याकडच्या मर्गिलान शहराचा एक व्यापारी ट्यूबवरून नदी ओलांडून तिच्या दुकानात कापड घ्यायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, आमच्या मामांचं ठरलंय, मामी गेल्यापासून घर ओस पडलं होतं. मुलगी तुमच्या शेजारचीच, नदीपलीकडच्या कोबिलजान मेस्त्रींची, नवऱ्यानं टाकलेली. बापानं शब्द दिलाय. हुरिनिसाला वाटलं, तुम्ही आणि मी दोघांनी मिळून ठरवलंय. म्हणून तिनं मला तसं आडून लिहिलं. म्हणून झुम्राद बिश्केकला राहिली आणि मला एक ओळ लिहिली नाही. तिला वाटत होतं, आपल्या आईनंही आपल्याला न विचारता देऊन टाकलंय.

त्या मामांना जावई आहेत म्हणे, एवढं त्यांचं वय.

झुम्रादला मी विचारलं, तुला इथेच राहायचंय का? इथे नवरा नाही, माहेर नाही. तुमच्यासारखाच तिचा आवाज कधी चढत नाही, तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "हा देश चांगला म्हणून राहत नाही, आई. बिश्केकला आम्ही तळघरात शिवायचो, तिथेच झोपायचो, खिडकी नव्हती. मला खोकला झाला तेव्हा कोणी विचारलं नाही. पण मी तिथे कापायला शिकले, आणि परत येऊन ही ओसरी उघडली तेव्हा मला कोणाच्या सहीसाठी थांबावं लागलं नाही. तिकडे सगळं आहे. तिकडे मी मात्र परत आलेली मुलगी आहे, आणि तिच्यासाठी सगळ्यांनी सगळं ठरवलेलं आहे."

ती बोलत होती आणि वीज गेली. यंत्रं थांबली. मी मनाशी म्हटलं, बघा. पण बायका उठल्या, चहा केला, अंधारात एकमेकींची चेष्टा करत बसल्या. दोन तासांनी वीज आली तशा पुन्हा बसल्या.

आता जे सांगायला मी खरं तर पत्र लिहितेय ते. काल हुरिनिसा बाजारात गेली होती तेव्हा झुम्राद म्हणाली, टपाल कचेरीत पुढे काय झालं ते सासूबाईंनी तुला लिहिलं का? मी म्हटलं, नाही, लिहीत नाही असं लिहिलं. तर ऐका. झुम्रादच्या हातून फोन सुटत होता. हुरिनिसानं तो घेतला. पोरगा अजून पलीकडे होता. तिनं रांगेतल्या सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "तू माझा मुलगा नाहीस." मग पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं आणि फोन ठेवला. तिचा एकुलता एक. सुनेचा हात धरून घरी आली, भिंतीकडे तोंड करून पडली आणि तीन दिवस पाणी सुद्धा घेतलं नाही. चौथ्या दिवशी उठून म्हणाली, माझ्या घरात आता तू आहेस आणि सायोरा आहे.

अहो, ह्या बाईला मी पत्रात काय काय लिहिलंय. शाहिस्ताला लाल कपडे घातले म्हणून मी तिला आपा म्हणायचं सुद्धा टाकलं होतं. ती संध्याकाळी बाजारातून आली तेव्हा मी उठून तिच्या हातातली पिशवी घेतली. ती म्हणाली, कांदे आहेत, जड आहेत, सांभाळा.

मी चार दिवस राहते. दोर ओला आहे, पाणी उतरू दे. तुम्हाला मी फक्त एक विचारते, आणि मला दुसरं काही लिहू नका. मर्गिलानचं खरं आहे का?

झुम्रादची आई

*

चिनोरली, उझबेकिस्तान
२४ मे २००३

झुम्रादच्या आईस,

पत्र मिळालं. गोळी घेतली. मला लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहितो.

खरं आहे. मला डिसेंबरातच कळलं होतं. जिनिंगवर येणारा एक ट्रकवाला ओम्स्कला जाहिदबरोबर कामाला होता, त्यानं चहाखान्यात सांगितलं. मी त्या दिवशी चालत घरी आलो आणि तू विचारलंस, चेहरा असा का? मी म्हणालो, थंडी आहे. जाहिदसाठी जागेला शब्द टाकला असं म्हणालो, तेही तुला संशय येऊ नये म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू त्याच क्षणी पूल ओलांडून भांडायला गेली असतीस. मी म्हटलं, आधी सोय करू, मग सांगू. मग पूलच राहिला नाही.

मर्गिलानच्या माणसाचं घर पक्कं आहे, गॅस आहे, त्याचं सुट्या भागांचं दुकान आहे, पीत नाही. मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. तुटलं की लगेच दुसरा भाग बसवायचा, एवढंच मला येतं. आपल्या देशात सगळं आहे, पोरगी तिकडे कोळशाच्या धुरात का बसेल, असा मी विचार केला. तिला विचारायचं असतं हे मला खरोखर सुचलं नाही. हे वाचून तुला धक्का बसेल. मला लिहिताना बसतो आहे.

काल शुक्रवारी ते मर्गिलानहून आले. तिघे पुरुष, बरोबर दस्तरखानात बांधलेले दोन नान. सोयरीक पक्की करायला, म्हणजे नान मोडायला. तुझं पत्र सकाळीच आलं होतं, माझ्या खिशात होतं. कोश घरभर लटकलेले, तू नाहीस, चहा मीच केला, पातळ झाला. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं फडकं उघडलं आणि नान माझ्या हातात दिला. गरम होता. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी तो थोडा वेळ धरला, मग दुसऱ्या नानावर ठेवला, फडक्याची चारही टोकं बांधली आणि गाठोडं त्यांच्यापुढे सरकवलं.

वडीलधारे म्हणाले, मेस्त्री, शब्द दिला होतात. मी म्हटलं, दिला होता, माझा नव्हता तरी दिला. ते उठले. उंबऱ्यापाशी बूट घालताना त्यांनी विचारलं की मग मुलगी आहे तरी कुठे.

मी सांगितलं, तिच्या घरी.

कोबिलजान